आधी अधिकार की आधी प्रश्न?

महाविद्यालयात तत्त्वज्ञान असावे की नसावे, यावर आता कोणी कडाक्याने भांडत नाही. विषय अभ्यासक्रमात आहे, पुस्तके आहेत, परीक्षाही होते. मतभेद उरतो तो एवढाच की तत्त्वज्ञानाचे मूळ प्रश्न कोणापुढे, केव्हा आणि कोणत्या क्रमाने ठेवायचे. याबाबत एक मत इतके रुळले आहे की ते केवळ एक मत आहे, हेच विसरायला झाले आहे. आधी पोटापाण्याचे पाहावे. मग ज्याला सवड आणि आवड असेल त्याने दर्शनांची माहिती घ्यावी: आधी चार्वाकापासून वेदान्तापर्यंत, नंतर थेलीसपासून कांटपर्यंत. हे सारे पचले की मग, एम.ए.च्या वर्गात किंवा त्याहून पुढे, स्वतः प्रश्नाला हात घालावा.

सोलापूरचे नाव निघाले की हे मत अधिकच ठाम होते. गिरण्यांचे, मागांचे, विडी कामगारांचे शहर. 2004 साली स्थापन झालेले, एकाच जिल्ह्यापुरते विद्यापीठ. वर्गात बहुतेक घरांतली पहिलीच शिकणारी पिढी. इथे 'मी म्हणजे कोण' आणि 'ज्ञान म्हणजे काय' कशाला, असा सूर लागतो. हा सूर कोणी दुष्टाव्याने लावत नाही. बहुतेक वेळा त्यामागे विद्यार्थ्याविषयीची काळजीच असते. म्हणून त्याचे खंडन नीट, त्याच्या हेतूंसकट केले पाहिजे.

पूर्वपक्ष

पूर्वपक्ष दुबळा मांडून त्याला चीत करण्यात पुरुषार्थ नाही. या मताच्या बाजूने तीन हेतू देता येतात आणि तिन्ही वजनदार आहेत.

पहिला हेतू सवडीचा. अ‍ॅरिस्टॉटलने 'मेटाफिजिक्स'च्या आरंभी म्हटले आहे की जगण्याच्या गरजा भागल्यावरच माणसे केवळ जाणण्यासाठी जाणू लागली; इजिप्तमध्ये गणित वाढले ते पुरोहितांना सवड होती म्हणून. आता सोलापूरचा विद्यार्थी पाहा. कोणी पूर्व भागात यंत्रमागावर रात्रपाळी करून सकाळच्या तासाला येतो. कोणाची आई दिवसभर विड्या वळते. कोणी सांगोला, मंगळवेढा, अक्कलकोटकडच्या कोरडवाहू शिवारातून एसटीने येतो. घरात कन्नड, तेलुगू किंवा उर्दू, वर्गात मराठी आणि नोकरीच्या जाहिरातीत इंग्रजी. त्याच्यापुढे सत् आणि असत् यांचा वाद मांडणे म्हणजे त्याची थट्टाच.

दुसरा हेतू अधिकाराचा. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांच्या भाष्यात आरंभीच जिज्ञासूसाठी चार साधने सांगितली: नित्य आणि अनित्य यांचा विवेक, इहपर भोगांविषयी वैराग्य, शमदमादी संपत्ती आणि मुमुक्षुत्व. प्लेटोने 'रिपब्लिक'च्या सातव्या भागात वादविद्या तिशीनंतरच शिकवावी असे सांगितले. पोरांच्या हाती युक्तिवाद पडले की ती कुत्र्याच्या पिलांसारखी दिसेल ते ओढत-फाडत सुटतात, असे तो म्हणतो. अ‍ॅरिस्टॉटलनेही नीतिशास्त्राच्या व्याख्यानांना तरुण श्रोता योग्य मानला नाही. त्याला आयुष्याचा अनुभव नसतो. पूर्व आणि पश्चिम दोन्हीकडचे आचार्य एकच गोष्ट सांगत असतील, तर आपण कोण घाई करणारे?

तिसरा हेतू क्रमाचा, आणि विद्वानांना सर्वांत पटणारा. प्रश्न आकाशातून पडत नाहीत, ते परंपरेत घडतात. परंपरा ठाऊक नसलेल्याला प्रश्न दिला, तर तो 'मला असे वाटते' यापलीकडे काय बोलणार? म्हणून आठव्या शतकात हरिभद्राने 'षड्दर्शनसमुच्चय' रचला, चौदाव्या शतकात माधवाचार्यांनी 'सर्वदर्शनसंग्रहा'त सोळा मते ओळीने मांडली. राधाकृष्णन यांचे 1923 आणि 1927 चे दोन खंड, हिरियण्णांचे 1932 चे पुस्तक, हीसुद्धा दर्शनवारच लिहिलेली आहेत. हा राजमार्ग सोडून आडवाटेने का जावे?

सवडीचा हेतू: चादर आणि सूत

अ‍ॅरिस्टॉटलचे तेच पान थोडे पुढेमागे वाचले, तर तो आणखी एक गोष्ट सांगताना दिसतो. माणसे विचार करू लागली ती आश्चर्यातून. आधी हाताशी असलेल्या साध्या अडचणींचे आश्चर्य, मग हळूहळू चंद्र, सूर्य, विश्वाची उत्पत्ती. म्हणजे सवडीने शास्त्र वाढत असेल, पण प्रश्न सुरू होतो हाताखालच्या वस्तूपासून. सोलापूरच्या विद्यार्थ्याच्या हाताखाली कोणती वस्तू आहे?

चादर. आणि भारतीय तत्त्वज्ञानातला एक अत्यंत दीर्घ, अत्यंत चुरशीचा वाद नेमका सूत आणि कापड यांवर झालेला आहे. संस्कृत ग्रंथांत कार्यकारणभावाची चर्चा निघाली की तंतू आणि पट हमखास येतात.

वाद असा. माग सुरू होण्याआधी ताण्याचे आणि बाण्याचे सूत होते. माग थांबला तेव्हा चादर आहे. मग जगात एक वस्तू वाढली का? न्याय-वैशेषिक म्हणतात, वाढली. कापड हा सुतांपासून उत्पन्न झालेला, सुतांमध्येच राहणारा, पण सुतांहून वेगळा असा अवयवी आहे. पुरावा? सुताच्या ढिगाने अंग झाकता येत नाही, कापडाने येते. सूत अनेक, चादर एक. सांख्य म्हणतात, छे, नवे काहीच झाले नाही. कापड सुतात आधीपासून अव्यक्त होते, ते व्यक्त झाले इतकेच. वाचस्पती मिश्रांनी सांख्यकारिकेवरील 'तत्त्वकौमुदी'त सांख्यांच्या बाजूने एक युक्तिवाद दिला आहे. तो माधवनगरातल्या वा अशोक चौकातल्या कोणत्याही कारखान्यात, काट्यापाशी उभे राहून समजेल असा आहे: कापड ही सुताहून वेगळी वस्तू असती, तर सुताच्या वजनावर तिचे स्वतःचे वजन पडायला हवे होते. पण काटा तर तेवढाच राहतो. नैयायिक यावर गप्प बसले नाहीत. वजनातला फरक जाणवत नाही, एवढ्याने वस्तूच नाही असे ठरत नाही, अशा दिशेने त्यांनी उत्तरे शोधली.

मग बौद्ध उठतात. धर्मकीर्ती विचारतो: अवयवी एकच असेल, तर त्याचा एक भाग हलला की तो सबंध हलायला हवा. एक भाग रंगवला की सबंध रंगायला हवा. एक भाग झाकला की सबंध झाकला जायला हवा. तसे होत नाही, म्हणून 'एक चादर' ही आपल्या बुद्धीने बांधलेली मोळी आहे. खरे पाहता सुते आहेत, आणि सुतांच्याही आत पाहत गेलात तर तीही उरत नाहीत. नैयायिकापुढे अडचण उभी राहते ती रंगाची. जेकार्डवर विणलेल्या चादरीत लाल, हिरवा, पांढरा असे रंग आहेत. मग त्या एका अवयवीचा रंग कोणता? लाल म्हणावे तर हिरवा कुठे गेला? बिनरंगी म्हणावे तर ती डोळ्यांना दिसते कशी? यासाठी न्याय-वैशेषिकांनी 'चित्ररूप' नावाचा स्वतंत्र रंगच मान्य केला. नव्या नैयायिकांत त्यावरही एकमत राहिले नाही.

भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर ज्याच्या घरात विणली जाते, त्याला हा वाद परका कसा? उलट तो या वादात असे काही बोलू शकतो जे वाचस्पतींना सुचण्याचे कारण नव्हते. खळ दिलेल्या सुताचे वजन आणि धुतल्यावरच्या कापडाचे वजन यांत फरक पडतो, हे तो सांगेल. वजनाचा युक्तिवाद यामुळे ढासळतो की केवळ काळजीपूर्वक मांडावा लागतो, एवढ्या एका मुद्द्यावर वर्गाचा तास कारणी लागेल.

आणि वाद इथे संपत नाही. न्यायमतात सूत हे कापडाचे समवायी कारण, सुतांचा परस्परसंयोग हे असमवायी कारण, आणि विणकर? तो आणि त्याची साधने केवळ निमित्त कारण. विणकराच्या मुलीने हे ऐकले की ती विचारणारच: माझा बाप नुसता निमित्त? सूत शेठचे, यंत्रमाग कर्जावरचा, मजुरी नगावर. मग चादर झाली ती कोणाची? जॉन लॉकने सतराव्या शतकाच्या अखेरीस मांडले की माणूस आपले श्रम वस्तूत मिसळतो आणि त्यातून तिच्यावर हक्क निर्माण होतो. हा सिद्धान्त आता तिच्यापुढे उत्तर म्हणून येतो, धडा म्हणून येत नाही. तो पुरतो का, हे ती स्वतः तपासते. सत्ताशास्त्रातून न्यायाच्या प्रश्नाकडे जायला एक पाऊल पुरले, आणि ते तिने टाकले.

राहिला प्रश्न पोटाचा. क्लीॲन्थीझ अथेन्समध्ये रात्री बागांना पाणी शेंदून पोट भरी आणि दिवसा झीनोकडे शिके. पुढे स्टोइक संप्रदायाचे धुरीणत्व त्याच्याकडे आले. एपिक्टेटस गुलाम होता. स्पिनोझा भिंगे घासत असे. याच जिल्ह्यात अरणचे सावता माळी मळा राखत होते आणि मंगळवेढ्याचे चोखोबा मेलेली जनावरे ओढत होते. दोघांनीही देव, देह आणि कर्म यांविषयी विचारायचे ते विचारलेच. हाताला काम आहे म्हणून डोक्याला प्रश्न नाही, हा निष्कर्ष त्यांच्यापैकी कोणाच्याही चरित्रातून निघत नाही. तो काढला आहे तो काम न करणाऱ्यांनी.

अधिकाराचा हेतू

अधिकाराच्या हेतूत तीन साक्षी उभे केले होते. तिघांचीही उलटतपासणी करू.

शंकराचार्य ज्याचा अधिकार सांगतात ती मोक्षाला नेणारी ब्रह्मविद्या आहे. युक्तिवाद तपासण्याची, प्रमाणे पारखण्याची विद्या मुमुक्षूंपुरतीच राखा, असे त्यांनी कुठे म्हटले? शिवाय त्यांच्या चार साधनांत पहिलेच साधन विवेकाचे आहे. काय टिकते आणि काय जाते याचा विवेक विचार केल्याशिवाय कसा येणार? विचारासाठी विवेक हवा आणि विवेकासाठी विचार, असे अन्योन्याश्रयाचे चक्र टाळायचे, तर कुठेतरी अधिकाराआधी प्रश्न मान्य करावाच लागतो. उपनिषदांनीही तो मान्य केला आहे. यमाच्या दारात मरणोत्तर अस्तित्वाविषयी विचारणारा नचिकेता कुमार आहे. यम त्याला टाळतो, दुसरे काही माग म्हणून आमिषे दाखवतो. पण 'तू लहान आहेस, नंतर ये' असे म्हणून परत पाठवत नाही. नचिकेत्याची पात्रता ठरते ती त्याने प्रश्न सोडला नाही यावरून.

प्लेटोची साक्ष प्लेटोच फिरवतो. तिशीची अट तो राज्यकर्त्यांच्या प्रशिक्षणक्रमासाठी घालतो. पण त्याच्या संवादांत सॉक्रेटीस बोलतो कोणाशी? 'लायसिस'मध्ये व्यायामशाळेतल्या पोरांशी, मैत्री म्हणजे काय या प्रश्नावर. 'थिएटेटस'मध्ये ज्ञान म्हणजे काय, यावर एका कोवळ्या गणिती मुलाशी. 'मेनो'मध्ये तर कधी शाळेत न गेलेल्या गुलाम मुलाशी, भूमितीवर. पिलांचा धोका प्लेटोला खराच वाटत होता. त्यावर सॉक्रेटिसाने दाखवलेला इलाज मात्र प्रश्न कुलुपात ठेवण्याचा नाही, सोबत बसून प्रश्न शेवटापर्यंत नेण्याचा आहे.

अ‍ॅरिस्टॉटलचे वाक्य आपण अर्धेच उद्धृत करतो. तरुण श्रोता नको, असे सांगून तो लगेच जोडतो की वयाने तरुण असो वा स्वभावाने, फरक पडत नाही. दोष वर्षांचा नाही, विकारांमागे धावण्याचा आहे. अनुभवाचे म्हणाल, तर ज्या मुलीने रेशनच्या रांगेत उभे राहून घर चालवले, बापाच्या आजारपणात सिव्हिलमध्ये रात्री काढल्या, तिला जीवनाचा अनुभव नाही असे म्हणायला धाडस लागते. अनुभवाची अट लावायचीच असेल, तर ती आधी प्राध्यापकांच्या खोलीत लावून पाहावी.

धोक्याचा मुद्दा एवढ्याने मिटत नाही, हे मान्य. अर्धवट शंका माणसाला उद्धट करते. पण शंका वाटायची की नाही, हे आपल्या हाती आहे कुठे? भविष्य, बुवा, जात, पुनर्जन्म, परग्रहवासी, प्राचीन विमाने यांवरचे दावे रोज फोनवरून विद्यार्थ्याच्या खिशात येऊन पडतात. त्याने काय मानायचे ते तो रोज ठरवत असतो, साधनांशिवाय. प्रश्न आधीच त्याच्याकडे पोचला आहे. रोखून धरली आहे ती फक्त त्याला सामोरे जाण्याची रीत.

क्रमाचा हेतू

आता तिसरा हेतू. परंपरा प्रथम, प्रश्न नंतर, असे म्हणणाऱ्यांना माझे पहिले उत्तर परंपरेतूनच आहे.

न्यायसूत्रांनी सोळा पदार्थांत प्रमाण आणि प्रमेय यांच्या पाठोपाठ तिसरे स्थान संशयाला दिले. वात्स्यायन आपल्या भाष्यात याचे कारण सांगतो. जे मुळीच ठाऊक नाही त्याविषयी न्याय प्रवृत्त होत नाही, जे पक्के ठरले आहे त्याविषयीही नाही. ज्याविषयी संशय आहे तिथेच न्यायाचे काम सुरू होते. मीमांसकांनी तर ग्रंथाची रचनाच यावर बेतली. त्यांचे प्रत्येक अधिकरण पाच अंगांचे असते. आधी विषय, मग संशय, मग पूर्वपक्ष, मग सिद्धान्त, आणि त्यासोबत संगती. ब्रह्मसूत्रांचे भाष्यकारही याच वाटेने गेले. म्हणजे शास्त्राच्या एककात माहितीआधी प्रश्न येतो. दर्शनांची यादी करणारे संग्रह हे या शास्त्रव्यवहाराचे सारांश आहेत. आपण सारांशाला शास्त्र समजलो आणि अभ्यासक्रम त्याच्यावर उभा केला.

इथे चाणाक्ष पूर्वपक्षी 'तर्कसंग्रह' पुढे करील. अन्नंभट्टाने ते पुस्तक नवशिक्यांसाठीच लिहिले. आणि त्यात प्रश्न कुठे आहेत? सात पदार्थ, नऊ द्रव्ये, चोवीस गुण, एकापाठोपाठ लक्षणे. पाठशाळेत ते तोंडपाठ करून घेत. आक्षेप बिनतोड दिसतो. पण पाठशाळेत पाठांतरानंतर काय होत असे ते पाहा. प्रत्येक लक्षणाचे पदकृत्य होई: या लक्षणातला हा शब्द काढला तर काय बिघडते? लक्षण जिथे लागायला नको तिथे लागते का? लागायला हवे तिथे सुटते का? जिला गंध आहे ती पृथ्वी, असे लक्षण आले की विद्यार्थी विचारी, मग दगडाला वास कुठे येतो? गुरू म्हणे, दगड भाजून त्याचे भस्म कर, त्याला गंध येतो, त्यावरून दगडातही तो आहे असे अनुमान होते. विद्यार्थी पुढे जाई: द्रव्य उत्पन्न होते त्या पहिल्या क्षणी तर त्यात कोणताच गुण नसतो असे तुम्हीच म्हणता; मग त्या क्षणीच्या पृथ्वीला लक्षण लागले नाही. आता लक्षणच सुधारावे लागे. हे सारे नवशिक्याच्या पुस्तकावर, पहिल्या काही आठवड्यांत. गाइड आणि नोट्स यांनी पाठशाळेचे पाठांतर तेवढे उचलले आणि पदकृत्य गाळले. परंपरेचे नाव घेऊन जे चालले आहे ते परंपरेचे टरफल आहे.

दुसरे उत्तर जवळच्या उदाहरणांचे. सोलापूरहून विजापूरकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर निंबाळ हे छोटे स्थानक आहे. तिथे गुरुदेव रा. द. रानडे यांचा आश्रम. 1926 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या उपनिषदांवरील ग्रंथात त्यांनी एकेका उपनिषदाचा क्रमवार सारांश देण्यावर समाधान मानले नाही. सृष्टीची उत्पत्ती, मनाचे स्वरूप, अंतिम सत्तेचा प्रश्न, नीती अशा विषयांभोवती त्यांनी सबंध वाङ्मय नव्याने लावले. खुद्द सोलापुरात जैन संस्कृती संरक्षक संघाच्या जीवराज जैन ग्रंथमालेने 1964 मध्ये विद्याधर जोहरापूरकरांनी संपादित केलेला भावसेन त्रैविद्याचा 'विश्वतत्त्वप्रकाश' प्रसिद्ध केला. तेराव्या शतकातल्या या जैन आचार्याने जीव आहे का, जगाला कर्ता आहे का, वेदांचे प्रामाण्य कशावर, असे मुद्दे घेऊन एकेका प्रतिपक्षाला गाठले आहे. या शहराच्या छापील वारशातच प्रश्नवार तत्त्वज्ञान पडून आहे. 1912 साली बर्ट्रंड रसेलने सामान्य वाचकासाठी तत्त्वज्ञानाच्या समस्यांवर जे छोटे पुस्तक लिहिले, त्याची सुरुवात समोरच्या टेबलापासून होते. आपल्याकडे ती सुतापासून झाली होती, एवढाच फरक.

तिसरे उत्तर 'मला असे वाटते' या भीतीला. भीती खरी आहे. पण माहिती आधी देण्याने ती जात नाही. मग विद्यार्थी 'शंकराचार्यांना असे वाटते, रामानुजाचार्यांना तसे वाटते' लिहू लागतो. 'मला'च्या जागी आचार्यांचे नाव आले, कारण अजून आलेच नाही. 'वाटते'कडून 'म्हणून'कडे जाणे हीच तत्त्वज्ञानाची पहिली इयत्ता, आणि ती यादीने ओलांडता येत नाही. प्रश्न हातात असलेल्याला मात्र इतिहास लागतोच. चादर एक की अनेक, यावर ज्याची अडचण झाली आहे, तो धर्मकीर्ती स्वतःहून मागतो. मी इतिहास वगळा म्हणत नाही. त्याला त्याचे गिऱ्हाईक मिळू द्या म्हणतो.

सोलापूरचे आणखी काही प्रश्न

कोणी म्हणेल, कापडाचा दाखला सोयीचा सापडला. बाकीच्या प्रश्नांचे काय? थोडक्यात सांगतो.

श्रेयस्कर जीवन कोणते, हा नीतीचा मूळ प्रश्न घ्या. बाराव्या शतकात सिद्धरामांनी सोन्नलिगेत, म्हणजे आजच्या सोलापुरात, तलाव खोदवला, मंदिरे उभारली. 'शून्यसंपादने' या पंधराव्या शतकातल्या कन्नड संकलनात अल्लमप्रभू तिथे येतात आणि या लोकोपयोगी कर्मयोग्यालाच धारेवर धरतात: तलाव बांधून तू सुटलास की बांधणारा म्हणून आणखी बांधला गेलास? सिद्धराम अखेर अल्लमांबरोबर कल्याणला गेले. पण दुष्काळी जिल्ह्यातल्या विद्यार्थ्याला अल्लमांची बाजू आपोआप पटेल असे नाही. तहानलेल्याला पाणी देणाऱ्याचा अहंकार महत्त्वाचा की पाणी? गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांमागे चालणाऱ्या मुलांना हा वाद आपल्या ग्रामदैवताच्या चरित्रातच आहे, हे कोणी सांगितले आहे का?

इच्छास्वातंत्र्य आणि जबाबदारी घ्या. 1871 च्या कायद्याने काही जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणाआड ठेवले, गिरण्यांत राबवले. 'सेटलमेंट' हे नाव शहराच्या पत्त्यांत अजून आहे. केंद्राने 1952 मध्ये तो कायदा मोडीत काढला. गुन्हा करण्याआधी गुन्हेगार असता येते का? वंश आणि परिस्थिती यांनी माणूस घडतो असे मानले, तर दोष कोणाला द्यायचा? आणि तसे मानले नाही, तर परिस्थितीची सबब कोणालाच कशी देणार? हा प्रश्न कांट आणि ह्यूम यांच्या वादाइतकाच कठीण आहे, आणि वर्गात त्या वस्तीतली मुलेही बसलेली असतात.

प्रामाण्याचा प्रश्न घ्या. मे 1947 मध्ये साने गुरुजी पंढरपूरला विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून उपोषणाला बसले. शास्त्राधार काय, असे विचारणारे तेव्हा पुष्कळ होते. शास्त्र आणि सदसद्विवेकबुद्धी यांत विरोध आला तर कोणाचे मानायचे? शास्त्राचा अर्थ बदलायचा, की शास्त्राचा अधिकार मर्यादित करायचा? गुरुजी तरुणपणी अमळनेरच्या तत्त्वज्ञानमंदिरात अभ्यासासाठी राहिले होते. तत्त्वज्ञान निरुपयोगी म्हणणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

सिद्धान्त

सवड, अधिकार आणि क्रम हे तिन्ही हेतू तपासले. सवडीने शास्त्र फुलते, पण प्रश्नाचा उगम श्रमाच्या वस्तूत असू शकतो. अधिकार प्रश्नाआधी मिळत नाही, प्रश्नाशी झटण्यातून मिळतो. आणि परंपरेचा खरा क्रम विषय, संशय, पूर्वपक्ष, सिद्धान्त असा आहे.

यातून काय निघते ते व्यवहारात सांगायला हवे. पदवीच्या पहिल्या सत्रात दर्शनांची ओळख करून न देता चार-पाच प्रश्न ठेवावेत: वस्तू म्हणजे काय, आपल्याला कशावरून कळते, आपण मोकळे आहोत का, चांगले जगणे कोणते, आज्ञा कोणाची मानावी. प्रत्येकासाठी एक स्थानिक प्रसंग, एक भारतीय आणि एक पाश्चात्त्य वाद. नव्या शैक्षणिक धोरणाने भारतीय ज्ञानप्रणालीसाठी श्रेयांक राखून ठेवले आहेत. ते गौरवाच्या यादीत न घालवता पदकृत्यात घालवावेत, त्याहून भारतीय दुसरे काही नाही. पारिभाषिक शब्द अडतील तिथे दे. द. वाडेकरांनी संपादित केलेला 'मराठी तत्त्वज्ञान महाकोश' 1974 पासून मदतीला आहे. अकरावी-बारावीची तत्त्वज्ञान आणि तर्कशास्त्राची पुस्तके मराठीत आहेत. उत्तरपत्रिका तपासताना एक कसोटी पुरे: ज्या मताशी विद्यार्थी असहमत आहे, ते त्याने त्या मताच्या माणसाला पटेल असे मांडले आहे का? ही कसोटी लागली की गाइडचा धंदा बसेल. कारण पूर्वपक्ष पाठ करता येतो, पण आपल्याच उत्तरावर उलटवून दाखवता येत नाही.

शिक्षकांची तयारी नाही, असे म्हटले जाईल. खरे आहे, ही पद्धत यादीपेक्षा अवघड आहे. शिक्षकाला वर्गात 'मला याचे उत्तर माहीत नाही' असे म्हणावे लागेल. तो प्रशिक्षणाचा मुद्दा झाला, विद्यार्थ्याच्या पात्रतेचा नव्हे. आणि एकाच्या उणिवेची शिक्षा दुसऱ्याला देऊ नये.

शेवटी पूर्वपक्षीयांना एकच विचारायचे आहे. तुम्ही म्हणता, नंतर. सोलापुरातल्या बी.ए., बी.कॉम.च्या वर्गातून किती जण एम.ए.ला तत्त्वज्ञान घेतात? बाकीच्यांपैकी कोणी हिंजवडीत कामाला लागेल, कोणी मागावर परतेल, कुणाचे लग्न लागेल. पदवीची ही तीन वर्षे त्यांच्यापैकी बहुतेकांची शेवटची वर्गातली वर्षे आहेत. मत द्यायचे, मुलगी शिकवायची की नाही ते ठरवायचे, बुवाकडे जायचे की डॉक्टरकडे, भावकीचे ऐकायचे की मनाचे, हे निर्णय मात्र ते आयुष्यभर घेणार आहेत. तुमच्या क्रमात त्यांच्या वाट्याला 'नंतर' येतच नाही. तेव्हा 'आधी अधिकार' म्हणण्याचा प्रत्यक्ष अर्थ 'कधीच नाही' असा होतो; आणि तो अर्थ मान्य असेल, तर काळजीचे निमित्त न करता तसे उघड म्हणावे.